चुरा कोरडाच निवडता येईल का?

वर्धा खोऱ्यातल्या कोळशात राख फार. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, वणी या पट्ट्यातला बराचसा कोळसा वीजकेंद्रांत जातो आणि जळून झाल्यावर शंभर किलोमागे तीस-चाळीस किलो राख मागे ठेवतो. ती कमी करायची तर कोळसा वॉशरीत धुवायचा, हा रूढ मार्ग. पण बारीक कोळसा एकदा भिजला की पाणी सोडत नाही. म्हणून वीजकेंद्रांसाठी कोळसा धुणाऱ्या आपल्याकडच्या बऱ्याच वॉशऱ्या जाड तुकडे तेवढे धुतात आणि चाळणीखालचा चुरा तसाच परत मिसळून देतात. दगड त्या चुऱ्यातही असतोच. तो बॉयलरपर्यंत जातो.

वाद आहे तो या चुऱ्याचा. एका बाजूला मामा : हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा शेड आहे, साखर कारखान्यांसाठी कंपन देणारे फ्लुइड बेड ड्रायर बनवतात. दुसऱ्या बाजूला त्यांची भाची : खनिज अभियांत्रिकी शिकलेली, चंद्रपूरकडे वॉशरीत प्रोसेस बघते. पाण्याशिवाय, नुसत्या हवेवर आणि कंपनावर बारीक कोळसा साफ होईल असं मामांचं ठाम मत; भाची ते मानायला तयार नाही. दोघांच्या बाजू इथं संवादाच्या रूपात मांडतो आहे. जिथं राहवलं नाही तिथं मी मध्ये बोललो आहे.

मामा : तुम्ही चुरा सोडून देता हेच मला कळत नाही. दगड काय जाड तुकड्यांतच बसलेला असतो?

भाची : नाही ना. उलट मऊ शेल दगड क्रशरमध्ये फुटतो आणि चुऱ्यातच उतरतो. पण अर्धा मिलिमीटरखालचा कोळसा धुवायचा म्हणजे फ्लोटेशन आलं. पाण्यात तेल घालायचं, बुडबुडे सोडायचे. कोळशाचा कण बुडबुड्याला धरून वर येतो, मातीचा खाली राहतो. तो फेस फिल्टरवर घेतला तरी त्यात वीस-पंचवीस टक्के पाणी राहतं. मी राख कमी करून दिली आणि पाणी वाढवून दिलं, तर बॉयलरवाल्याच्या पदरात काय पडलं?

मामा : मग पाणी घालूच नका, एवढंच तर माझं म्हणणं आहे. तुझी आजी तांदूळ पाखडायची तेव्हा पाणी लागायचं का? सूप आणि वारा. खडा मागं, कोंडा पुढं.

भाची : सुपात तांदूळ सगळे एका मापाचे असतात, मामा. कोळशात सहा मिलिमीटरचा तुकडा असतो आणि अर्ध्या मिलिमीटरचा कणही. नुसत्या वाऱ्यावर सोडलं तर कोळशाचा मोठा तुकडा आणि दगडाचा छोटा कण एकाच वेगानं खाली येतात. वाऱ्याला वजन कळतं, घनता कळत नाही.

भाचीचा हा मुद्दा बिनतोड आहे. कोळशाची घनता पाण्याच्या सव्वा ते दीडपट, शेल-वाळूच्या दगडाची सव्वादोन ते अडीच-पावणेतीनपट. फरक भरपूर आहे, पण तो उघडा पडायला मध्ये असं काहीतरी हवं ज्यात हलकं तरंगेल आणि जड बुडेल, मग आकार कुठलाही असो. पाण्याच्या वॉशरीत हे काम मॅग्नेटाइट या चुंबकी लोहखनिजाची भुकटी मिसळलेलं जड पाणी करतं. मामांच्या पद्धतीत पाणी काढून टाकायचं आणि भुकटी ठेवायची.

त्यांच्या शेडमधली चाचणीची पेटी बघितली की गोष्ट लगेच ध्यानात येते. चारी बाजूंनी पारदर्शक ॲक्रिलिक, तळाला सच्छिद्र पत्रा, त्याखाली हवेचा कप्पा, आणि सगळं स्प्रिंगवर बसवलेलं. आत काळी, जड मॅग्नेटाइट भुकटी. ब्लोअर बंद असताना त्यावर कोळशाचा तुकडा ठेवला की नुसता पडून राहतो; बोटानं दाबला तरी रुतत नाही. हवा सुरू झाली की भुकटी थोडी फुगते, आणि हवेचा जोर ठरावीक रेषा ओलांडतो तेव्हा ती रवाळ उरत नाही, द्रवासारखी हलायला लागते. पेटी कलती केली तरी वरची पातळी आडवी राहते. कोळशाचा तुकडा आत दाबून सोडला तर वर उसळतो. तेवढ्याच मापाचा शेलचा तुकडा ठेवला तर जातो तळाला.

मात्र हवा जराशी वाढवली की पृष्ठभागावर बुडबुडे फुटायला लागतात आणि भुकटी इकडेतिकडे उडते. अशा वेळी बारीक चुरा टाकला तर कोळसा आणि दगड एकमेकांत पुन्हा कालवले जातात. मामा इथं व्हायब्रो मोटर सुरू करतात. पेटी थरथरायला लागते आणि पृष्ठभाग पाहता पाहता सपाट होतो. मोठे बुडबुडे दिसेनासे होतात. आता तीन-चार मिलिमीटरचा चुराही वर-खाली वेगळा व्हायला लागतो. कडेला ॲक्रिलिकजवळ काळ्या भुकटीत राखाडी कण खाली सरकताना दिसतात.

भाची : पेटीत मला हे मान्यच आहे. कंपनानं बुडबुडे लहान असतानाच मोडतात, कमी हवेतही थर सैल राहतो. पण जास्त कंपन दिलं तर?

मामा : तर पुन्हा कालवाकालव. साखरेत हेच करतो आम्ही. झटका जास्त दिला तर दाणा फुटतो, कमी दिला तर गठ्ठे होतात. ९६० फेऱ्यांची मोटर म्हणजे सेकंदाला सोळा झटके. वजनं सरकवून झटक्याचा पल्ला दोन-तीन मिलिमीटरवर आणायचा. हे हाताला बसलेलं काम आहे. आणि हवेला वीज फार लागते असंही समजू नकोस. तीस सेंटिमीटरचा थर, घनता १.८ धरली, तर खालून लागणारा दाब ५४० मिलिमीटर पाण्याचा. वर पत्र्याचा अडथळा. साधा ब्लोअर पुरतो.

भाची : हे तुमच्या आधी पुष्कळ लोकांना सुचलेलं आहे. जर्मनीत विंकलरनं १९२० च्या दशकात कोळशाचा चुरा हवेवर उकळता करून दाखवला. अमेरिकेत फ्रेझर आणि यान्सी यांनी १९२६ मध्ये वाळूच्या तरंगत्या थरात कोळसा साफ करण्याची पद्धत मांडली. हवेवर चालणारी टेबलंही होती, त्यांचा चांगला जमही बसला होता. तरी ती मागे पडली. का, माहितीये? खाणीत धूळ बसवायला पाणी मारायला लागले, कोळसा ओला यायला लागला. आणि कारखान्यातल्या धुळीचे नियम कडक झाले.

मामा : आणि चीन? तिथं तर चाललं ना?

भाची : चाललं, पण कुठल्या मापावर ते बघा. शुझोउच्या खाण विद्यापीठात चेन छिंगरू यांच्या गटानं वर्षानुवर्षं काम केलं, आणि १९९४ मध्ये हेइलोंगजियांग प्रांतात छिताइहे इथं तासाला पन्नास टनांचा प्रकल्प उभा राहिला. तो जाड कोळशासाठी, साधारण सहा ते पन्नास मिलिमीटर. सहाच्या खालच्या चुऱ्यासाठी त्याच लोकांनी कंपनाचा थर अभ्यासला. तो बराचसा प्रयोगशाळेत आणि छोट्या यंत्रांवरच राहिला.

मामा : म्हणजे तत्त्व खोटं नाही.

भाची : तत्त्व खरंच आहे. प्रश्न धारेचा आहे. वेगळं करताना चूक किती होते हे आम्ही एका आकड्यात मोजतो, त्याला ईपी म्हणतो. जितका लहान तितकं काम चोख. मॅग्नेटाइटच्या पाण्यावर चालणाऱ्या सायक्लोनमध्ये तो ०.०२ ते ०.०५ असतो. हवेच्या थरात जाड कोळशाला ०.०५ ते ०.०७. कंपनाच्या थरात बारीक चुऱ्याला त्याहून सैल. आणि आपला गोंडवाना कोळसा म्हणजे अवघड जात. वाहून आलेल्या झाडपाल्यात माती आधीच कालवलेली. कोळसा आणि दगड यांच्या मधल्या घनतेचा माल ढीगभर. कापायच्या घनतेच्या आसपास असा माल पंचवीस टक्क्यांवर गेला की पुस्तकं त्या कोळशापुढं हात टेकतात.

पाण्याच्या बाजूचा सगळ्यात भक्कम युक्तिवाद हाच, आणि इतके दिवस त्यावर मामांकडे उत्तर नव्हतं. या खेपेला त्यांनी एक प्रश्न विचारला.

मामा : कापायची घनता म्हणजे किती?

भाची : पोलादासाठीचा कोकिंग कोळसा असेल तर १.४-१.५. राख फार खाली आणावी लागते.

मामा : आणि तुमचा चंद्रपूरचा?

भाची : वीजकेंद्राला जातो. चाळीसची राख बत्तीस-चौतीसवर आली तरी चालतं. म्हणजे १.८ च्या वर कापला तरी...

मामा : आणि १.८ ला तो मधला माल किती असतो?

भाची : (थांबून) कमी. पुष्कळ कमी. तिथं बहुतेक सरळ दगडच उरतो.

मामा : मग तुझ्या सायक्लोनची ती बारीक धार घेऊन तिथं काय कापायचंय?

इथं वादाचं पारडं फिरलं असं माझं मत आहे. कोरड्या पद्धतीची धार सैल आहे हे खरं. पण वर्धा खोऱ्यातल्या वीज-कोळशाला लागते ती धार दगड काढण्याची, कोळशाची बारीक प्रतवारी करण्याची नव्हे. ज्या कामाला धार कमी लागते तिथं धारेचा आक्षेप उरत नाही. झारखंडच्या कोकिंग कोळशाला हे यंत्र लावू नये. चंद्रपूरच्या कोळशाला लावून बघायला हरकत नसावी. भाचीनं हे कबूल केलं, पण हिशेब पुढं ठेवूनच.

भाची : बरं, आकडे घेऊ. समजा हजार टन चुरा, राख चाळीस टक्के. म्हणजे चारशे टन राख. त्यातून साडेसातशे टन माल बत्तीस टक्क्यांचा काढला. त्यात २४० टन राख गेली. उरलेल्या अडीचशे टनांत १६० टन राख आणि नव्वद टन जळणारं. ते नव्वद टन तुम्ही दगडाबरोबर टाकून दिलेत.

मामा : टाकून का द्यायचे? कोरडेच आहेत ते. चौसष्ट टक्के राखेचा माल फ्लुइड बेड बॉयलरमध्ये चांगल्या कोळशाबरोबर मिसळून जाळता येतो. तुझ्या फ्लोटेशनचा गाळ मात्र तळ्यात जातो, आणि ते तळं सांभाळत बसावं लागतं. शिवाय १६० टन राख खाणीच्या तोंडाशीच राहिली. रेल्वेनं कोराडीच्या वीजकेंद्राला गेली नाही, तिथल्या बंधाऱ्यात साठली नाही. २०२२ च्या जुलैत त्या केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला तेव्हा राख शेतात आणि नाल्यात शिरली. ती जिथून आली तिथंच थांबली असती तर?

भाची : सगळी थांबली नसती, थोडी कमी गेली असती. आणि पाण्याचं म्हणाल तर तुम्ही वॉशरीवर उगाच आळ घेता. आमचं पाणी फिरून फिरून तेच वापरलं जातं. जातं ते मालाबरोबर आणि टाकाऊ दगडाबरोबर. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरण आटलं आणि चंद्रपूरचे संच बंद ठेवावे लागले, परळीचं केंद्र २०१३ ला आणि पुन्हा २०१५ ला पाण्यावाचून थांबलं; ते कूलिंग टॉवरचं पाणी होतं. वॉशरीनं थेंब वापरला नसता तरी केंद्रं बंद पडलीच असती.

ही गोष्ट वाचकांनीही लक्षात ठेवावी. कोरडा कोळसा म्हणजे दुष्काळावरचा उतारा, अशी बातमी एखाद्या दिवशी छापून येईल. ती खरी नसेल. पाण्याची बचत होते, पण ती औष्णिक केंद्राच्या तहानेपुढं लहान. कोरड्या पद्धतीचा खरा लाभ दुसरीकडे आहे : चुरा ओला होत नाही, आणि गाळाचं तळं लागत नाही.

मामा : मान्य. मग अडलं कुठं?

भाची : पावसात. इथंच तुमचं घोडं पेंड खातं. चंद्रपूरला वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. खाणी बहुतेक उघड्या. जून ते सप्टेंबर चुरा चिखलासारखा येतो. कणाच्या अंगावरचं पाणी पाच टक्क्यांच्या वर गेलं की भुकटीचे गोळे होतात, थर फाटतो, हवा एकाच भोकातून पळते. मॅग्नेटाइट ओल्या कोळशाला चिकटून मालाबरोबर निघून जातं. कोरड्या चुंबकी ड्रमवरून ते परत मिळवायचं म्हटलं तर तेही नीट सुटत नाही.

मामा : अगं, मी आयुष्यभर वाळवणी यंत्रंच बनवत आलो. थराखाली थंड हवेऐवजी गरम हवा सोड.

भाची : शंभर टन कोळसा बारा टक्के ओलाव्यावरून सहावर आणायचा तर साडेसहा टनांच्या आसपास पाणी उडवावं लागेल. एक किलो पाण्याला सहाशे किलोकॅलरीच्या वर उष्णता. म्हणजे चार हजार उष्मांकाचा एक टन कोळसा नुसता वाळवणीत. गळती धरली तर दीड-दोन.

मामा : ते पाणी बॉयलरमध्ये गेलं असतं तर तिथं फुकट उडलं असतं का? तिथंही उष्णता खाल्लीच असती. आणि यंत्र वीजकेंद्राच्या आवारात बसवलं तर धुराड्याकडं जाणारा गरम वायू आहेच.

भाची : धुराड्याचा वायू, हे मात्र बरोबर बोललात, त्यात ऑक्सिजनही कमी. तो कमीच हवा, कारण मला दुसरी भीती आहे. हा कोळसा आपोआप पेटणारा आहे, साठ्यात धुमसतो. त्याची कोरडी धूळ हवेत घनमीटरला पन्नास-साठ ग्रॅम झाली की एक ठिणगी पुरते. साखरेची धूळही स्फोट करते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मामा : नको. म्हणूनच तर सायक्लोन, बॅग फिल्टर आणि स्फोटाचं झाकण आमच्या प्रत्येक यंत्राला असतं. निदान असायला पाहिजे. हा खर्च कुणी वाचवायला निघाला तर त्याला मी यंत्र देणार नाही.

भाची : आणि एक मिलिमीटरखालचं?

मामा : तिथं मी हट्ट धरत नाही. एवढ्या बारकाईला मॅग्नेटाइट आणि कोळसा वेगळे करणंच जड जातं. ते आधीच चाळून बाजूला काढायचं. एक ते सहा मिलिमीटरचा माल मला दे.

भाची : ओला चुरा एक मिलिमीटरच्या जाळीतून चाळून दाखवा, मग बोलू. जाळी पहिल्या तासात बुजते.

याचं उत्तर मामांनी दिलं नाही, आणि माझ्या मते चाळणीचा हा प्रश्न सगळ्यात कमी चर्चिला गेलेला आणि सगळ्यात महत्त्वाचा आहे. थराचं शास्त्र शंभर वर्षांचं झालं. पण ओल्या मालाची बारीक चाळण जमल्याशिवाय त्या थरापर्यंत माल पोचणारच नाही.

अजून एक गोष्ट दोघांनाही बोचते. सरकारनं १९९७ मध्ये नियम केला होता : हजार किलोमीटरहून लांबच्या किंवा शहरी, संवेदनशील भागातल्या केंद्रांत चौतीस टक्क्यांहून जास्त राखेचा कोळसा वापरायचा नाही. २०१४ च्या दुरुस्तीनं अंतराची मर्यादा टप्प्याटप्प्यानं पाचशे किलोमीटरवर आणली. मे २०२० मध्ये ती अट काढून टाकली गेली.

भाची : अटच गेल्यावर धुण्याची घाई कुणाला? पाण्यानं धुवा नाहीतर हवेनं.

मामा : नियम गेला म्हणून कोळशातला दगड गेला का? तो वाघिणीत भाडं देऊन जातो, मिलचे रोलर झिजवतो, बॉयलरच्या नळ्या घासतो, आणि शेवटी राख होऊन कुणाच्या तरी गावाजवळ पडतो. हिशेब केंद्रानंच करावा.

मी मामांच्या बाजूनं आहे, तीन अटींसह. कोकिंग कोळशाच्या वाटेला जाऊ नये. एक मिलिमीटरखालचा माल सोडून द्यावा. आणि धुळीच्या बंदोबस्तात एक पैसा कापू नये. एवढं पाळलं तर वर्धा खोऱ्यातला एक ते सहा मिलिमीटरचा चुरा कोरडा साफ करणं शक्य आहे असं मला वाटतं, आणि तो न करता जाळत राहणं चुकीचं वाटतं.

नागपूरला वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय आहे, महानिर्मितीची केंद्रं कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरला आहेत, आणि कंपनाची यंत्रं बनवणारे हात पुण्यात आहेत. तासाला पाच-दहा टनांचं एक यंत्र एखाद्या केंद्राच्या आवारात, धुराड्याच्या वायूवर चालवून बघायला यांपैकी कुणालाही परदेशाकडं बघावं लागणार नाही. मागणी एवढीच आहे की ती चाचणी जानेवारीत घेऊन यशाचे आकडे जाहीर करू नयेत. ऑगस्टमध्ये, पाऊस चालू असताना, त्याच दिवशी खाणीतून आलेल्या मालावर घ्यावी. आणि चाळणी किती वेळा बुजली, मॅग्नेटाइट किती वाया गेलं, हेही राखेच्या आकड्याशेजारी छापावं.